केल्पच्या रानातून: वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात मी व्हेलर्स कोव्हबद्दल लिहिलं होतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, माँटेरे शहराच्या थोडं दक्षिणेला पॉइंट लोबोस नावाचं राखीव क्षेत्र आहे. तिथं खडकांनी तिन्ही बाजूंनी वेढलेला समुद्राचा हा छोटासा कोपरा. त्यात पाण्याखाली केल्पचं, म्हणजे झाडासारख्या उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं, रान आहे. लेक त्या भागात नोकरीला आहे, म्हणून माझं तिकडं जाणं होतं, आणि गेले की आम्ही मायलेकी तिथं स्कूबा डायव्हिंग करतो, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरतो. परभणीला प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. ज्यांची चित्रं फळ्यावर काढत आले, त्यातले कितीतरी जीव जिवंत असे मला पहिल्यांदा त्या पाण्यातच भेटले. त्या लेखावर पत्रं भरपूर आली, त्यामुळं या वेळचं सदर त्यांच्यासाठीच ठेवलंय. एकाच विषयावरची पत्रं एकत्र घेतली आहेत.

मॅडम, ते केल्प दिवसाला दोन फूट वाढतं असं तुम्ही लिहिलंत. आम्ही उसाला युरिया, डीएपी, पोटॅश सगळं टाकतो, तरी वाढ बेताचीच. समुद्रात त्याला खत कोण घालतं?
— एक शेतकरी, केज (जि. बीड)

वारा घालतो, दादा. आणि हे मी सहज म्हणत नाही, खरंच तसं आहे.

वसंत ऋतूत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या किनाऱ्यावर वायव्येकडून जोराचा वारा सुटतो, किनाऱ्याला धरून दक्षिणेकडं वाहतो. पृथ्वी फिरते, त्यामुळं समुद्राचा वरचा थर वाऱ्याच्या नाकासमोर न जाता त्याच्या उजव्या हाताला सरकतो. तिथं उजवा हात म्हणजे पश्चिम, म्हणजे किनाऱ्यापासून लांब. वरचं पाणी असं बाजूला झालं की मोकळी जागा भरायला खालचं पाणी वर चढतं. समुद्रात जे जे मरतं ते शेवटी खाली जातं, तिथं कुजतं. तिथं उजेड नाही, त्यामुळं कुजून तयार झालेलं नत्र आणि स्फुरद उचलणारं कुणी नसतं. ते साठत राहतं. हेच पाणी वर उन्हात आलं की केल्पची चंगळ होते. म्हणून तिथं पाणी जितकं गार, तितकं रान दाट.

आता मुळांचं सांगते. केल्पला मुळं नसतात. बुडाशी जो गुंताडा दिसतो तो फक्त खडक पकडून ठेवायला. त्यातून अन्न वर चढत नाही. ते सगळ्या अंगानं, प्रत्येक पातीनं पाण्यातून थेट शोषून घेतं. फवारणीवरच जगणारं पीक समजा. प्रत्येक पातीच्या देठाशी हवेनं भरलेला एक फुगा असतो, त्याच्या जोरावर तीस-तीस मीटर लांबीचा वेल तळापासून वरपर्यंत उभा राहतो. दिसायला झाड असलं तरी ते झाड नव्हे, तपकिरी शेवाळ आहे. दोन फूट ही वाढ मात्र सगळं जुळून आलेल्या दिवसांतली, रोजची नाही.

आणि पोटॅशचं नाव काढलंत म्हणून सांगते. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारं पोटॅश बंद पडलं तेव्हा अमेरिकेनं कॅलिफोर्नियाचं हेच केल्प कापून, जाळून त्यातून पोटॅश काढलं होतं. आज आपल्या कृषी सेवा केंद्रात समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली मिळते, ती दुसऱ्या जातींच्या शेवाळांची असते, पण गोतावळा तोच.

आम्ही अंदमानला जाऊन आलो. पाणी कसं निळंशार, काचेसारखं! तुम्ही मात्र गार, हिरवट पाण्याचं एवढं कौतुक करता. त्यात दिसतं तरी काय?
— एक गृहिणी, लातूर

ताई, अंदमानचं पाणी निळं दिसतं कारण त्यात फारसं काही नसतं. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव कमी, म्हणून नजर लांब जाते. व्हेलर्स कोव्हचं पाणी हिरवं असतं ते याच सूक्ष्म जीवांमुळं, आणि तेच तिथल्या सगळ्यांच्या जेवणाची सुरुवात आहे. नजर कधी पंधरा मीटर पोचते, कधी तीन मीटरवर अडते. पाणी दहा ते पंधरा अंश, त्यामुळं सात मिलिमीटर जाडीचा वेटसूट, डोक्यावर टोपडं, हातमोजे, सगळं घालावं लागतं.

पण लांबचं दिसत नाही म्हणूनच जवळचं बघितलं जातं. तिथं खडकाच्या भिंतीवर अंगठा टेकवायला मोकळी जागा सापडत नाही. स्पंज, त्यावर शेवाळ, त्यावर नळीत राहणारे किडे, त्यांच्या मधून मधून अनिमोन, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे फुलासारखे दिसणारे प्राणी. खाली उतरत गेलं की पाणी आधी लाल रंग गिळतं, त्यामुळं दहा मीटरवर सगळी भिंत करडी-तपकिरी वाटते. मग टॉर्च लावायचा. उजेड पडला की तीच भिंत गुलाबी-लाल होऊन जाते, कारण ती सगळी स्ट्रॉबेरी अनिमोननं भरलेली असते. एकेक प्राणी नखाएवढा, आणि प्रत्येकाच्या बोटांच्या टोकाला पांढरा ठिपका. मला निवड करायला सांगितलं तर मी दर वेळी हिरवंच पाणी निवडीन.

शार्कची भीती वाटत नाही का? (हा प्रश्न चार जिल्ह्यांतून आला.)

त्या किनाऱ्याला पांढरा शार्क आहे, हे खरं. तो सीलच्या मागावर असतो. माणसावरचे हल्ले फार विरळ. मला तो कधी दिसला नाही. सील मात्र जवळ येतात. मागून येऊन आपल्या पायातले फिन्स, म्हणजे पोहायचे रबरी पंख, तोंडात धरून ओढतात, आपण वळलो की पसार. त्यांना हात लावायचा नाही, पाठलाग करायचा नाही, एवढं पाळलं की झालं.

तिथं मासे किती मोठे मिळतात, आणि पकडायला परवानगी आहे का? आमचं घराणं गोदावरीवर मासेमारी करतं.
— एक वाचक, नांदेड

व्हेलर्स कोव्हमध्ये गळसुद्धा टाकता येत नाही. जागेचा इतिहास बघा. १८६० च्या दशकात पोर्तुगीज देवमासे मारून इथं आणायचे, नावही त्यावरूनच पडलं. पुढं जपानहून आलेले पाणबुडे इथल्या खडकांवरची अॅबलोनी ही मोठी शिंपली काढायचे आणि ती डब्यात भरण्याचा कारखानाच किनाऱ्यावर होता. म्हणजे ही जागा मुळात पार उपसलेली. १९६० साली इथलं पाण्याखालचं क्षेत्र राखीव झालं. अमेरिकेतलं अशा प्रकारचं ते पहिलं. आता शिंपलासुद्धा उचलायचा नाही, आणि एका दिवसात ठरावीकच डायव्हर आत सोडतात, तेही आधी नाव नोंदवून.

याचा परिणाम माशांच्या वागण्यात दिसतो. लिंगकॉड नावाचा मासा मीटरभराहून मोठा होतो, तोंडभर दात. हिवाळ्यात मादी खडकाच्या कपारीत अंड्यांचा पांढरा गठ्ठा घालून निघून जाते आणि नर कित्येक आठवडे त्यापुढं बसून राखण करतो. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबले होते. तो हलला नाही. कल्ले उघडमीट होत होते, एक डोळा माझ्याकडं होता, आणि मागं अंडी. तुम्हाला सांगायला नको, गळानं असा नर उचलला तर गठ्ठ्याचं काय होईल; दुसरे मासे काही वेळात फस्त करतात. कॅबेझॉन म्हणून दुसरा एक मासा आहे, त्याचाही नर असाच राखण करतो, पण त्याची अंडी विषारी असतात. म्हणजे त्या माशाची गाभोळी खायची सोय नाही.

रॉकफिशची गोष्ट वेगळी. कोव्हमध्ये केल्पच्या वेलांमध्ये हे मासे जागच्या जागी तरंगत असतात, काळे, निळे, पिवळ्या पट्ट्यांचे. यांची मादी अंडी बाहेर घालत नाही. पोटातच वाढवते आणि लाखांनी पिल्लं सोडते. माशाच्या कानात एक छोटा खडा असतो, त्यावर झाडाच्या खोडात असतात तशी वर्षाची वर्तुळं पडतात. ती मोजून कळलंय की उत्तरेच्या खोल पाण्यातल्या काही रॉकफिश दोनशे वर्षांहून जास्त जगतात. कोव्हमधल्या जाती एवढ्या नाहीत, पण कित्येक दशकं जगणाऱ्या आहेत. आणि म्हातारी, मोठी मादी तरुण मादीच्या कितीतरी पट पिल्लं देते. मोठे मासे काढून लहान सोडणं बरं, असं आपल्याला वाटतं. रॉकफिशच्या बाबतीत त्या मोठ्या माद्या पाण्यात राहणं जास्त मोलाचं आहे, आणि राखीव क्षेत्राचा खरा उपयोग मला तिथं दिसतो.

तुम्ही पाहिलेला सगळ्यात लहान प्राणी कोणता? मुलांना वर्गात सांगायचं आहे.
— एक शिक्षिका, सेलू (जि. परभणी)

सगळ्यात लहान सांगता येणार नाही, पण ज्याच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले तो सांगते. न्यूडिब्रँक, म्हणजे शंख टाकून दिलेली समुद्रातली गोगलगाय. यातली हर्मिसेंडा नावाची जात आपल्या करंगळीएवढी. अंग दुधी, आरपार दिसणारं. बाजूनं बारीक निळसर रेघ, मध्ये नारिंगी पट्टा. आणि पाठभर बारीक बोटांसारखे झुबके. हे तिचं श्वास घेण्याचं आणि पचनाचंही काम करतात. ती हायड्रॉइड खाते. हायड्रॉइड हे डंख मारणारे प्राणी. तर ही गोगलगाय त्यांना खाते, पण त्यांच्या डंखाच्या पेशींतल्या कुप्या पचवत नाही. न फुटलेल्या कुप्या जपून पाठीवरच्या झुबक्यांच्या टोकाला नेऊन ठेवते. मग हिला कुणी तोंड लावलं की दुसऱ्याचा डंख बसतो. पाठ्यपुस्तकात आपण हायड्रॉइडसारख्या 'आंतरदेहगुहीं'चा डंख शिकवतो, गोगलगायीसारखे 'मृदुकाय' वेगळ्या पानावर शिकवतो. इथं एका संघाचं हत्यार दुसऱ्या संघातल्या प्राण्यानं वापरायला घेतलंय. मुलांना हे नक्की सांगा, दोन्ही पानं त्यांच्या डोक्यात एकदम पक्की होतील.

आणि वेळ उरला तर सजावटी खेकडाही सांगा. याच्या पाठीवर हुकासारखे वाकलेले केस असतात. शेवाळाचे, स्पंजाचे तुकडे तो नांगीनं तोडतो, तोंडाशी नेऊन जरा चघळतो आणि पाठीवर दाबतो. गवताची कुसळं धोतराला धरतात तसे ते तिथं धरून राहतात. स्पंजाचा तुकडा पुढं पाठीवरच वाढायला लागतो. कात टाकली की पुन्हा पहिल्यापासून सगळी सजावट. माझ्या समोरचा शेवाळाचा झुपका चालायला लागला तेव्हा मला कळलं की तो खेकडा आहे.

आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे की तारामाशाचा हात तुटला तर परत येतो. मग तुमच्या लेखात ते रोगानं मेले असं कसं लिहिलं?
— इयत्ता दहावी, हिंगोली

बाळा, प्रश्न फार चांगला विचारलास. हात परत येतो, हे बरोबर. पण त्यासाठी मधला भाग जिवंत राहावा लागतो. २०१३ साली उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामाशांना एक रोग आला. अंगावर पांढरट चट्टे पडायचे, हात पिळवटायचे, अंगापासून सुटून एकटेच सरपटत जायचे, आणि काही दिवसांत मूळ प्राण्याचा नुसता चिकट लगदा उरायचा. वीसहून जास्त जातींना हा रोग झाला आणि अब्जावधी तारामासे गेले. कारण शोधायला शास्त्रज्ञांना एक तप लागलं. २०२५ मध्ये त्यांनी सिद्ध केलं की हे काम 'विब्रियो पेक्टेनिसिडा' या जिवाणूचं आहे. कॉलरा करणारा जिवाणू तुझ्या पुस्तकात असेल, त्याच्याच कुळातला हा.

सगळ्यात जास्त मेला तो सूर्यफूल तारामासा. याला पाच नव्हे, चोवीसपर्यंत हात असतात, आणि पूर्ण वाढला की मीटरभर पसरतो. तो मिनिटाला मीटरभर पळतो, तारामाशाच्या मानानं हे फारच झालं. तो सी-अर्चिन खायचा. कॅलिफोर्नियात तो आता जवळजवळ उरला नाही. जुन्या डायव्हरांकडून मी त्याचं वर्णन फक्त ऐकलंय.

आता पुढची साखळी बघ. सी-अर्चिन म्हणजे काटेरी गोळा, तो केल्प खातो. त्याला खाणारा गेला. त्यातच २०१४ ते २०१६ मध्ये त्या समुद्रात उष्णतेची मोठी लाट आली, पाणी तापलं, वर येणारं गार पाणी कमी झालं, केल्प उपाशी पडलं. एरवी सी-अर्चिन कपारीत बसून वाहून आलेले केल्पचे तुकडे खातात. तुकडे मिळेनात तेव्हा जांभळे सी-अर्चिन बाहेर पडले आणि उभ्या रानाचा बुडखा कुरतडायला लागले. बुडखा सुटला की तीस मीटरचा वेल लाटेबरोबर निघून जातो. उत्तर कॅलिफोर्नियात नव्वद टक्क्यांवर केल्पचं रान असं गेलं. अॅबलोनीही केल्पवर जगणारी. ती उपासमारीनं मेली, आणि २०१८ मध्ये तिथं हौशी लोकांना अॅबलोनी काढायची बंदी झाली.

व्हेलर्स कोव्हच्या आसपास रान पूर्ण गेलं नाही, तुकड्या-तुकड्यांनी टिकलं, त्याचं मोठं श्रेय समुद्री पाणमांजराला. हा प्राणी सी-अर्चिन पोटभर खातो. त्याला रोज आपल्या वजनाच्या पाव हिस्सा अन्न लागतं, कारण त्याच्या अंगावर देवमाशासारखी चरबी नाही, नुसती दाट लव आहे. त्या लवेसाठीच माणसानं त्याला इतकं मारलं की कॅलिफोर्नियातून तो संपला असं सगळे धरून चालले होते. १९११ मध्ये करार होऊन शिकार थांबली. १९३८ मध्ये कोव्हच्या दक्षिणेला, बिग सूरच्या किनाऱ्यावर पन्नासेक पाणमांजरांचा एक कळप सापडला. आज कॅलिफोर्नियात जी तीनेक हजार आहेत ती त्याच कळपाची वाढ.

मग त्यांनी सगळे सी-अर्चिन का नाही संपवले, असं तू विचारशील. ओसाड खडकावरचा सी-अर्चिन आतून रिकामा असतो. खायला काही नसताना तो वर्षानुवर्षं नुसता तग धरून राहतो, मरत नाही. पाणमांजर हुशार, तो रिकामी कवचं फोडत बसत नाही. जिथं केल्प शिल्लक आहे तिथले भरलेले सी-अर्चिन तो खातो. त्यामुळं उरलेलं रान वाचतं, पण ओसाड झालेला खडक ओसाडच राहतो. कोव्हमध्ये एका बाजूला दाट रान आणि थोडं पुढं गेलं की जांभळ्या काट्यांनी भरलेला उघडा खडक, असं मी स्वतः बघितलंय. रान गेल्यावर त्यात राहणारं दुसरं काहीच तिथं उरत नाही, आणि ते बघून वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. सूर्यफूल तारामासे प्रयोगशाळेत वाढवायचं काम आता सुरू आहे. तू प्राणिशास्त्र घेणार असशील तर या कामाकडं लक्ष ठेव.

मी ५४ वर्षांची आहे. लहानपणी भावांबरोबर विहिरीत पोहायला शिकले, अजूनही पोहते. मला डायव्हिंग जमेल का? अमेरिकेला जाणं काही होणार नाही.
— एक वाचक, अंबाजोगाई

जमेल. अमेरिकेला जायची गरज नाही, मालवण आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा काही समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाणी कोमट, प्रवाळ आहे, मासे आहेत. पावसाळा सोडून जा. आधी डॉक्टरांना भेटा. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं जुनं दुखणं असेल तर स्पष्ट सांगा. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नका. खाली जाताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकंच फुंकायचं, म्हणजे कानावरचा दाब सारखा होतो. दुखेपर्यंत थांबायचं नाही.

विहिरीत पोहणाऱ्यांना एक सवय मोडावी लागते, ती मात्र नीट समजून घ्या. विहिरीत सूर मारताना आपण छाती भरून श्वास घेतो आणि धरून ठेवतो. तो श्वास काठावरचा असतो. खाली तो दबतो आणि वर आलं की होता तेवढाच होतो. स्कूबात तुम्ही श्वास खाली घेता. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, म्हणजे तिथं भरलेली छाती तशीच धरून वर आलात तर आतली हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही. घ्यायचा, सोडायचा, संथपणे, सतत. वर येताना तर अजिबात घाई नको. पहिले काही क्षण मन ऐकत नाही, श्वास आपोआप अडतो. उथळ पाण्यात गुडघ्यावर बसून प्रशिक्षकासमोर तेवढाच सराव करून घ्या, मगच पुढं जा.

आणखी एक, जे आपल्याकडच्या लोकांना हमखास कुणी सांगत नाही. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नये हे ठाऊक असतं, पण आपण गाडीनं परततो आणि मध्ये घाट आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळजवळ सातशे मीटर उंच, आणि आपला बालाघाटही काही कमी नाही. खाली अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. तो आत असताना उंचावर गेलं तर बुडबुडे होऊन सांधे धरतात, कधी त्याहून वाईट होतं. एकदाच बुडी मारली असेल तर किमान बारा तास, लागोपाठ दिवस डायव्हिंग केलं असेल तर अठरा तास समुद्रकाठीच थांबा. मालवणला एक मुक्काम जास्तीचा धरूनच तिकिटं काढा.